फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर सामाईक सोलर कसं बसवावं

सोलरवाल्याला फोन लावायच्या आधी स्कीमच्या सामाईक मीटरचं बिल हातात घ्या. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, सगळं याच मीटरवर चालतं. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यावरून वर्षाची सरासरी काढा. घरगुती दरात वापर वाढला की टप्पा वर सरकतो, आणि मोठ्या स्कीमचं सामाईक मीटर सहज 500 युनिटच्या वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात जातं. सोलरमुळे आधी हीच महागडी युनिटं कमी होतात. म्हणून सुरुवात इथूनच करावी, घराघरांचा विचार नंतर.

हिशेब सोपा आहे. 1 किलोवॉटमागे महिन्याला साधारण 120 युनिट मिळतात आणि जागा 100 चौरस फूट लागते. महिन्याचा सरासरी वापर 1,200 युनिट असेल तर 10 किलोवॉट, म्हणजे 1,000 चौरस फूट गच्ची. बिलावरचा मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे, तोही बघून ठेवा. तो कमी असेल तर वाढवून घ्यावा लागतो.

आता गच्चीवर चला. पॅनलचं तोंड दक्षिणेला असतं, त्यामुळे त्यांच्या दक्षिणेला काय उभं आहे ते बघा. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 45 अंशांवर येतो, म्हणजे 10 फूट उंच टाकीची सावली 10 फूट पडते. सकाळी नऊला ती याहून बरीच लांब असते. उन्हाळ्यात येऊन ‘सावली नाही साहेब’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन चांगलंच घटतं.

खरं घोडं अडतं ते सभेत. कुरडया-पापड कुठे वाळवायचे, हा प्रश्न निघणारच, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खालची जागा मोकळी राहते. खर्च वाढतो आणि अवकाळीच्या वाऱ्यासाठी पायाही भक्कम लागतो. लेखी ठरावात गच्चीचा वापर, प्रत्येकाची वर्गणी, फ्लॅट विकला तर त्या वर्गणीचं काय आणि वॉटरप्रूफिंग बिघडलं तर दुरुस्ती कोणाची, हे सगळं यावं. तोंडी ‘हो हो, करून टाका’ यावर ॲडव्हान्स देऊ नका.

मग केंद्र सरकारच्या गच्चीवरच्या सोलर योजनेच्या, म्हणजे पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर सोसायटीच्या नावाने अर्ज करा. सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 10 किलोवॉटला 1,80,000. एका घराला मिळणारे जास्तीत जास्त 78,000 रुपये हा वेगळा हिशेब. सभेत दोन्ही आकडे हमखास एकमेकांत मिसळतात. अनुदानासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि भारतात बनलेले सेल-पॅनल लागतात. कोटेशन तीन घ्या, आणि त्यात अर्थिंग, आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक, इन्व्हर्टरची वॉरंटी वेगवेगळी लिहून मागा. काम झालं की महावितरण तपासणी करून नेट मीटर बसवतं. त्यानंतर दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते.

एक गोष्ट रहिवाशांना आधीच सांगा: लाइन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय असते. नाहीतर पहिल्याच वादळात ‘सोलर असून लिफ्ट बंद कशी?’ म्हणून सचिवाची खरडपट्टी निघते.

गच्चीवरची वीज फ्लॅटच्या मीटरांत ठरलेल्या टक्क्यांनी वाटायची असेल तर त्या पद्धतीला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. त्यासाठी पैसे गोळा करण्याआधी महावितरणच्या उपविभागात जाऊन तुमच्या जोडण्यांना ती लागू होते का, ते लेखी विचारा.

राहिली धुलाई. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याकडच्या भागात तिथल्या वीज केंद्रांची राखही बसते, पावसाळा सोडून दर पंधरवड्याला पॅनल धुवावेत, तेही सकाळी लवकर. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. चौकीदाराला या कामाचे वेगळे पैसे द्या आणि महिन्याचं उत्पादन नोटीस बोर्डावर लावा.