ए, एबी की डी? घरच्या ॲम्पची तुलना करताना या चुका टाळा

ए, एबी आणि डी हे ॲम्पचे, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरचे, प्रकार (क्लास). ‘डी क्लास कोरडा, ए क्लास गोड’ असा निकाल बहुतेक वेळा दोन्हींचा आवाज सारखा न करताच दिलेला असतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. फरक अर्ध्या डेसिबलचा असेल, तर एक मोठा वाजतोय हे लक्षातही येत नाही. तो फक्त जास्त भरीव आणि मोकळा वाटतो. दोन्ही नॉब एकाच खुणेवर ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो ते) वेगळा.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, मोबाइलवरून 100 हर्ट्झचा सलग टोन वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एका ॲम्पला 2 व्होल्ट आले, तर दुसऱ्याला 1.98 ते 2.02च्या आत आणा. मग कुठला ॲम्प चालू आहे हे न सांगता घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला लावा. त्यानंतरही जो फरक ऐकू येईल, तो खरा.

अदलाबदलीसाठी स्वस्त स्विच बॉक्स घेणार असाल तर जरा थांबा. बऱ्याच बॉक्समध्ये डाव्या-उजव्या चॅनेलच्या काळ्या वायरी आत एकत्र जोडलेल्या असतात. आजचे बहुतेक छोटे डी क्लास ॲम्प ब्रिज पद्धतीचे असतात. म्हणजे त्यांच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. त्या वायरी जोडल्या गेल्या की ॲम्प बंद पडतो, कधी कायमचा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पची तऱ्हा वेगळी: तो चालू असताना स्पीकरची वायर काढूच नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

वॅटचे आकडेही फसवतात. घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये, 86 डेसिबलच्या (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरवर, नेहमीच्या आवाजाला अर्धा वॅटही लागत नाही. पण तबल्याची थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर गेली तर तेवढ्या क्षणापुरती शंभरपट ताकद लागते. म्हणून 30-40 खरे वॅट हवेत. छोट्या ॲम्पच्या खोक्यावरचे वॅट अनेकदा 10 टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज चांगलाच बिघडलेला असताना, मोजलेले असतात, आणि सोबतच्या ॲडॅप्टरला तेही झेपत नाहीत. अशा वेळी दोष डी क्लासच्या माथी मारला जातो.

ए क्लास गाणं बंद असतानाही जवळजवळ तेवढीच वीज खातो आणि तापतो. त्याला टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मे महिन्यात ठाण्यात तो हॉलमध्ये हीटरसारखाच वागतो. रोज चार तास ऐकणाऱ्याला मी एबी किंवा चांगला डी सुचवेन.

हम (स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज) येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची अँटेना केबल काढून बघा. हम थांबला तर तो अर्थ लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट); ॲम्प बदलून जाणार नाही. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या) केबलने घ्या. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

वाशी, ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यानंतर एक चॅनेल दबतो, आणि आवाज क्षणभर वाढवला की परत येतो. बहुधा स्पीकर रिलेचे (ॲम्पमधल्या, स्पीकर जोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट काळे पडलेले असतात. ॲम्प विकायला काढण्याआधी रिले तपासून घ्या.