टोक सारखं तुटतंय? शार्पनर, पातं आणि पेन्सिलीची इतर आयुधं

पेन्सिलीचं टोक सारखं तुटत असेल तर पेन्सिलीला दोष देण्याआधी शार्पनरमधून निघणारी साल बघा. पातं धारदार असलं की साल पातळ आणि सलग, पंख्यासारखी उलगडत बाहेर येते. साल तुकड्यांनी पडत असेल, भुसा जास्त होत असेल किंवा टोकाजवळचं लाकूड केसाळ दिसत असेल, तर पातं बोथट झालंय. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं. मग हात आपोआप जोर लावतो आणि तो जोर शेवटी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या शिशावर येतो.

स्क्रूने बसवलेलं पातं बदलता येतं. काढण्याआधी त्याची कोणती बाजू वर आहे याचा फोटो काढून ठेवा. पातं उलटं बसलं तर शार्पनर नीट कापत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू सोडवा, खाचेतला भुसा जुन्या टूथब्रशने झाडा, नवं पातं खाचेत सपाट टेकवा आणि स्क्रू घट्ट करा. पातं किंचित जरी हललं तरी लाकडावर लाटा उठतात. प्लॅस्टिकच्या शार्पनरमध्ये स्क्रूचे आटे लवकर झिजतात, म्हणून पातं बदलत राहायचं असेल तर पितळेचा किंवा मॅग्नेशियमचा शार्पनर घ्यावा. पितळेचा जड असतो, हातात छान बसतो. पण धार पात्याची असते, पितळेची नव्हे. शार्पनर धुऊ नका, पातं गंजतं.

टोक करताना पेन्सिल सरळ आत घाला आणि हलक्या हाताने फिरवा. तिरकी धरली की एका बाजूचं लाकूड जास्त कापलं जातं. पूर्ण वेढे घ्या, मागेपुढे झटके नकोत. टोक आलं की थांबा: त्यापुढचे दोन वेढे टोक वाढवत नाहीत, फक्त मोडतात. शिशाचा तुकडा आत अडकला तर दुसरी पेन्सिल खुपसून ढकलू नका, तो आणखी घट्ट बसतो. स्क्रू सैल करून सुईने काढा.

पातं नवं आहे, हातही हलका आहे, तरी लाकूड एका बाजूला शिशावर चढलेलंच राहतं? पेन्सिलीच्या मागच्या टोकाकडे पाहा. शिसं मध्यभागी नसेल तर कुठलाही शार्पनर हतबल आहे. तसंच, फरशीवर पडलेल्या पेन्सिलीतलं शिसं आतल्या आत तुटलेलं असू शकतं. अशी पेन्सिल तुटलेला भाग संपेपर्यंत टोकं गाळत राहणार.

लांब, निमुळतं टोक हवं असेल तर दोन भोकांचा शार्पनर वापरा. जर्मनीच्या कुम कंपनीचा यात प्रसिद्ध आहे. पहिलं भोक फक्त लाकूड कापतं. उघडं पडलेलं शिसं आतल्या अडसराला टेकलं की पेन्सिल पुढे सरकत नाही. मग दुसऱ्या भोकात फक्त शिशाला धार लावायची. क्रम उलटा केला तर दुसऱ्या भोकाचं पातं लाकडाशी झुंजत बसतं. २एच ते एचबी या कडक शिशांना हे टोक शोभतं. ४बीपासून पुढे शिसं मऊ असतं, तिथे आखूड टोकच टिकतं.

रंगीत पेन्सिलींसाठी वेगळा शार्पनर ठेवा. त्यांच्या गाभ्यातलं मेण पात्यावर थापलं जातं आणि पातं घसरू लागतं. मधूनमधून एखादी साधी पेन्सिल त्यातून फिरवली तर बरंचसं मेण निघून जातं. जाड पेन्सिलीला मोठं भोक हवं. साधी पेन्सिल मोठ्या भोकात घातली तर ती डगमगते आणि टोक वाकडं येतं.

हँडलच्या मशीनमध्ये टोक एकसारखं येतं, पण पेन्सिल पकडणारे दात रंगावर ओरखडे पाडतात. संग्रहातली देखणी पेन्सिल असेल तर पकडीच्या जागी कागदाची पट्टी गुंडाळा. हँडल अचानक हलकं लागलं की टोक झालं, समजा. मशीन टेबलाला क्लॅम्पने पक्कं नसेल तर ते हलतं आणि टोक तुटतं.

चारकोल पेन्सिलीला मात्र कटरच बरा. पातं अंगापासून दूर जाईल असं धरून सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड उतरतं छिला, सहा ते आठ मिलिमीटर गाभा उघडा ठेवा आणि बारीक पॉलिश पेपरवर पेन्सिल फिरवत टोक घासा. शेवटी कापडाने पुसा, नाहीतर पहिल्याच रेघेला काळी भुकटी कागदावर पसरेल.

पेन्सिल सात-आठ सेंटिमीटरवर आली की एक्स्टेंडर, म्हणजे आखूड पेन्सिल घालून कडीने आवळायची दांडी, लावा. षटकोनी पेन्सिल आत जात नसेल तर कोपऱ्यांवरचा रंग पॉलिश पेपरने किंचित उतरवा. सैल बसत असेल तर कागदाचा एक वेढा पुरतो. कडी घट्ट केल्यावर एकदा कागदावर दाबून पाहा, पेन्सिल मागे सरकता कामा नये. टोक जपण्यासाठी पेन्सिलीचं टोपण घेतानाही आधी त्याची आतली खोली काडीने मोजा: लांब टोक उथळ टोपणात घातलं तर ते तळाला आपटून टोपणातच मोडतं.