मागाआधी गाठ

बांध, म्हणजे धागा आधी बांधून-रंगवून मग विणायची ओडिशाची इकत पद्धत, शिकायला ओडिशात जायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी सांगते: आधी मागाचा मोह सोडा.

कटक जिल्ह्यातल्या नुआपाटण्याला मी गेले ती जगन्नाथाच्या खंडुआसाठी. जयदेवांच्या गीतगोविंदातल्या ओळी विणलेलं हे रेशमी वस्त्र पुरीच्या मंदिरात रात्रीच्या बडसिंहार वेषात देवांना नेसवतात. अक्षरं मागावर उमटत असतील, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ती मागावर चढण्याआधीच धाग्यात असतात. बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, रेशीम चौकटीवर ताणायचं, जिथे रंग नको तिथे दोऱ्याने करकचून बांधायचं, रंगात बुडवायचं, मग गाठी सोडायच्या. फुलाची नक्षी पुन्हापुन्हा येते, त्यामुळे एका बांधणीत बरेच धागे उरकतात. काव्याची ओळ तशी उरकत नाही. प्रत्येक अक्षराची बांधणी वेगळी.

माझ्या गाठी सैल पडल्या. लाल रंग आत झिरपला आणि एका गोलसर ओडिया अक्षराचं पोटच भरून गेलं. शिकवणारे मावसा काही बोलले नाहीत. त्यांनी नवा दोरा घेतला, दातात एक टोक धरलं आणि माझ्यासमोर सावकाश तीन वेढे देऊन दाखवले. पुढे गाठी सोडताना ब्लेडने दोऱ्याबरोबर रेशीमही कापलं, ते वेगळंच.

म्हणून जाण्याआधी ओडिया लिपी वाचायला शिका. अक्षर ओळखीचं नसेल तर चूक झाल्याचं कापड विणून झाल्यावरच कळतं, आणि देवाच्या वस्त्रात तसं चालत नाही. शेजारच्या मणिआबंधात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध विणकर करतात. हे ऐकून माझ्या डोक्यातले बरेच कप्पे मोडले.

रीतसर शिक्षण हवं असेल तर बरगडच्या भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्थेत तीन वर्षांची पदविका आहे. तिथे सुताचा नंबर, रंगाचं रसायन, मागाची रचना पक्की होते; बोटं मात्र विणकराच्या पडवीतच तयार होतात. पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या विणण्यावर विसंबू नका. डिझाइन, रंगकाम, सरकारी विणकर सेवा केंद्रातली कामं हेही डोळ्यांपुढे ठेवा.

आणि पावसाळ्यात जाऊ नका. रंगवलेल्या लड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि आपण नुसते ओट्यावर बसून राहतो.