झेडलिबने .जीझेड फाइल डीकॉम्प्रेस करा, पण पहिल्याच शेवटाला थांबू नका

.जीझेड म्हणजे जीझिप प्रोग्रामने आकसलेली फाइल. ती उलगडण्याचा, म्हणजे डीकॉम्प्रेशनचा कोड स्वतः लिहू नका. ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांची झेडलिब ही सी भाषेतली लायब्ररी १९९५ पासून हेच काम करते आहे. तिचा सोर्स उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये कोंबू नका, सिस्टमवरची लायब्ररीच लिंक करा. २०२२ मध्ये तिच्यात मेमरीबाहेर लिहिलं जाण्याची चूक सापडली आणि १.२.१३ मध्ये ती दुरुस्त झाली. सिस्टमची लायब्ररी वापरणाऱ्यांना ही दुरुस्ती अपडेटबरोबर आयती मिळाली. ज्यांनी सोर्स कॉपी केला होता, त्यांना एकेक प्रोजेक्ट धुंडाळावा लागला.

उबुंटूवर झेडलिब१जी-डेव्ह पॅकेज टाका आणि लिंक करताना -एलझेड द्या. झेडलिबच्या झेड_स्ट्रीम या स्ट्रक्चरमधले झेडॲलॉक, झेडफ्री, ओपेक आणि नेक्स्ट_इन (पुढच्या इनपुट बाइटचा पॉइंटर) नल करा, ॲव्हेल_इन (उरलेले इनपुट बाइट) शून्य.

सुरुवातीला साधं इन्फ्लेटइनिट हे तयारीचं फंक्शन वापरू नका. ते फक्त झेडलिबचा स्वतःचा हेडर ओळखतं. त्याला जीझिप फाइल दिली की उणे ३, म्हणजे डेटा चुकीचा असल्याचा एरर येतो आणि लोक फाइललाच दोष देतात. इन्फ्लेटइनिट२ घ्या आणि विंडोबिट्स या पॅरामीटरला ३१ द्या, म्हणजे विंडोच्या आकाराचे १५ अधिक जीझिपचा हेडर सांगणारे १६. झेडलिब आणि जीझिप असे दोन्ही प्रकार येत असतील तर ४७.

आता लूप. बहुतेक चुका इथेच होतात.

लूप दोन लागतात. बाहेरचा फाइल वाचतो. आतला डेटा उलगडणाऱ्या इन्फ्लेट फंक्शनला बोलावत राहतो, आउटपुट बफर काठोकाठ भरतोय तोवर. इनपुट संपलं म्हणून आतला लूप सोडू नका. जीझिपच्या डिफ्लेट या कॉम्प्रेशन पद्धतीत एका बाइटमागे हजारभर बाइट निघू शकतात, त्यामुळे इनपुट शून्य झालं तरी बराच माल आत अडकलेला असतो. ॲव्हेल_आउट (आउटपुट बफरमधली उरलेली जागा) शून्य नसेल तरच बाहेर पडा. मध्येच उणे ५ आला तर घाबरू नका. त्या फेरीत पुढे सरकायला जागा किंवा डेटा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मला सगळ्यात जास्त छळलं ते झेड_स्ट्रीम_एंडने, म्हणजे एक तुकडा संपल्यावर इन्फ्लेट जो कोड परत देतं त्याने. नवी मुंबईत महाप्याच्या ऑफिसात आम्ही रोजचे लॉग जीझिप करायचो आणि आठवड्याच्या सात फाइली कॅट कमांडने एकामागे एक जोडायचो. जीझिपमध्ये हे पूर्णपणे चालतं. माझ्या प्रोग्राममधून मात्र फक्त सोमवार बाहेर पडायचा. ना एरर, ना इशारा. तीन दिवस मी डिस्क, नेटवर्क, परवानग्या तपासत बसलो. चौथ्या संध्याकाळी घणसोलीची लोकल सोडून दिली आणि झेड_स्ट्रीम_एंड आल्यावर इनपुटमध्ये काय उरतं ते छापून पाहिलं. पुढचे दोन बाइट होते १एफ ८बी. जीझिपच्या हेडरची सुरुवात! मंगळवार तिथेच बसला होता आणि मी दार लावून घेत होतो.

म्हणून झेड_स्ट्रीम_एंड आला की आधी ॲव्हेल_इन पाहा. शून्य असेल तर फाइलमधून आणखी वाचा, कारण दोन तुकड्यांची सीमा नेमकी बफरच्या टोकाला येऊ शकते. काही उरलं असेल तर इन्फ्लेटरीसेटने स्थिती नव्या तुकड्यासाठी कोरी करा आणि त्याच जागेवरून पुढे चला. नेक्स्ट_इनला हात लावायचा नाही. याउलट, फाइल संपली आणि तुकड्याच्या मधेच असाल, झेड_स्ट्रीम_एंड आलाच नसेल, तर फाइल अर्धवट आहे. तिथे एरर द्यायलाच हवा. अर्धा लॉग पूर्ण म्हणून पुढे पाठवणं अक्षम्य आहे.

शेवटच्या चार बाइटांत मूळ आकार असतो म्हणून तेवढी मेमरी आधीच मागा, असा सल्ला मिळेल. ऐकू नका. तो आकार फक्त शेवटच्या तुकड्याचा असतो आणि ४ जीबीनंतर पुन्हा शून्यापासून मोजला जातो.

काम झालं की इन्फ्लेटएंडने मेमरी मोकळी करा.

तपासताना दोन फाइली कॅटने जोडा, इनपुट बफर १ बाइटचा ठेवा आणि निकाल जीझिप -डीसीच्या निकालाशी सीएमपी या फाइली ताडणाऱ्या कमांडने ताडून पाहा. सीएमपी गप्प राहिला, म्हणजे दोन्ही निकाल सारखे निघाले, की मगच बफर वाढवा. मी २५६ केबी ठेवतो.