ट्रायल शिफ्टला जाण्याआधी: बरिस्ता होण्याची तयारी

कॅफेत बरिस्ताच्या, म्हणजे कॉफी बनवून देणाऱ्याच्या, कामासाठी ट्रायल शिफ्ट (चाचणीची पाळी) ठरली की बहुतेक मुलं-मुली लाटे आर्टचे व्हिडिओ बघायला बसतात. कपावरचं पान-फूल नंतर जमेल, आधी जीभ तयार करा. घरची दूध-साखरेची कॉफी खुशाल चालू ठेवा, पण रोज एक कप काळी, बिनसाखरेची प्या आणि ती कशी लागली ते कुणाला तरी शब्दांत सांगा. लिंबासारखी आंबट की संत्र्यासारखी? कडूपणा कोकोसारखा की करपलेल्या भाकरीसारखा? हे सांगता यायला लागलं की मशीनवरचं बरंचसं काम सोपं होतं.

मग वजनकाटा. एस्प्रेसो म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली घोटभर कडक कॉफी. तिच्या हिशोबाचं गणित साधारण असं: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, १५ सेकंदांतच धावून आला तर पातळ आणि आंबट लागतो, दळण बारीक करा. ४० सेकंद रेंगाळला तर कडू होतो, दळण जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात सकाळी लावलेलं दळण दुपारी चालेलच असं नाही, म्हणून मधूनमधून चाखत राहायचं. चांगला बरिस्ता मी इथेच ओळखते: बिघडलेला शॉट तो दुधाखाली लपवत नाही, ओतून देतो आणि नवा काढतो, मग समोर कितीही रांग असो.

टॅम्प करताना, म्हणजे पूड दाबून बसवताना, मनगट सरळ ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. दिवसाला शे-दोनशे शॉट काढणाऱ्या हाताला चुकीची सवय फार महागात पडते.

दूध फ्रिजमधलं गार घ्या. सुरुवातीच्या काही सेकंदांत हवा भरायची, नंतर वाफेच्या नळीचं (स्टीम वँडचं) टोक जरा खाली नेऊन दूध नुसतं भोवऱ्यात फिरवायचं आणि ६० ते ६५ अंशांना थांबायचं. ७०च्या पुढे दुधाचा गोडवा जातो आणि फेस खडबडीत होतो. ‘एकदम कडक गरम’ मागणारे गिऱ्हाईक रोज येतात. त्यांच्याशी वाद घालू नका, कप आधी गरम करून घ्या. उरलेलं दूध पुन्हा वाफवायचं नाही. स्टीम वँड दर वेळी ओल्या फडक्याने पुसून वाफ सोडायची, आणि त्या फडक्याने दुसरं काहीही पुसायचं नाही.

नखं कापलेली, अंगठ्या घरी, अत्तर अजिबात नको, कारण अत्तराच्या वासात कॉफीचा वास कळत नाही. बूट बंद आणि न घसरणारे. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांना वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच काढून ठेवा.

थोडा अभ्यासही हवा. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. चिकमगळूर, कोडगू आणि आंध्रातलं अराकू ही नावं पिशव्यांवर सतत दिसतील. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे आपल्या माणसांना सांगायला मला फार आवडतं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, धुतलेली आणि सालीसकट वाळवलेली बी, यांतला फरक दोन वाक्यांत सांगता आला म्हणजे पुरे.

सगळ्यात जास्त तयारी माणसांसाठी करा. एखादे काका यादीतली सगळ्यात स्वस्त म्हणून एस्प्रेसो मागतात आणि हातात घोटभर कप आला की ओशाळतात. ‘काका, ही छोटी आणि कडक असते, दुधाची देऊ का?’ एवढं आधी विचारलं तर ते पुन्हा येतील. मेनूतला उच्चार कुणाचा चुकला तर दुरुस्त करू नका. गर्दीत चार ऑर्डरी डोक्यात ठेवायच्या असतात: आधी शॉट कुणाचे, दूध एकत्र कुणाचं वाफवता येईल, बर्फाचं कधी. हा सराव घरी पाहुण्यांना चहा देतानाही होतो.

ट्रायलला वही-पेन न्या आणि तुम्हीही प्रश्न विचारा: बी कधी भाजलेली आहे, दळण कोण ठरवतं, मशीन रात्री कोण धुतं, टिप कशी वाटली जाते, आणि रात्रीची पाळी उशिरा सुटली तर घरी जायची सोय काय.