बोअरचं पाणी, पीएच आणि वाया गेलेली फवारणी

जालन्याकडच्या कपाशीवर डायमेथोएट हे कीटकनाशक मारूनही मावा ही कीड हटेना. औषध बरं होतं, खोट पाण्यात. बोअरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली तर हिरवट-निळी झाली: 8.5. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली याचं माप: सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. पण एक अंक म्हणजे दहापट, म्हणून 8.5 ते 6.5 हा फरक शंभरपट! अल्कली पाण्यात हे औषध लवकर विघटित होऊन निकामी होतं.

आधी पाणी सुधारलं. 10 लिटरच्या बादलीत किराण्यातलं लिंबूसत (सायट्रिक आम्ल) एकेक ग्रॅम टाकून ढवळलं, दरवेळी नवी पट्टी; 6.5 ला थांबलो. शेजाऱ्याचं माप चालत नाही, प्रत्येक बोअरचे क्षार वेगळे. मग औषध, लगेच फवारणी. तांब्याच्या बुरशीनाशकात मात्र लिंबूसत नको: तांबं जास्त विरघळतं, पानं करपतात.