मोहरीत मिसळलेले पिवळ्या धोत्र्याचे बी: तपासायला बसण्याआधी

सगळ्यात आधी पिवळ्या धोत्र्याचे खात्रीचे बी मिळवा. नुसत्या चित्रावर भरवसा ठेवला तर पहिल्याच मुठीत गोंधळ उडतो. पांढऱ्या शिरांची काटेरी पाने, पिवळी फुले आणि देठ मोडताच येणारा पिवळा चीक, एवढ्यावरून हे तण ओळखता येते. हातमोजे घालून एखादे पिकलेले बोंड कागदी पाकिटात घ्या. बोंड टोकाकडून उकलते आणि आत शेकडो बिया असतात, तेव्हा वाटेत सांडू देऊ नका. पाकिटावर नाव लगेच लिहा. साध्या धोत्र्याचे बी इथे कामाचे नाही. ते चपटे असते आणि झाडही वेगळ्या कुळातले. पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला आहे. शेजारी स्वच्छ, खात्रीची मोहरीही ठेवा.

बैठकीला दिवसाचा उजेड, पांढरा कागद, दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक चिमटा आणि बी चिरडायला दोन जाड काचेचे तुकडे पुरेत. चाळणीवर विसंबू नका. दोन्ही बिया आकाराने इतक्या जवळच्या असतात की त्या एकाच छिद्रातून पडतात.

नमुना पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढू नका. वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी मोहरी घ्या, एकत्र कालवा, पसरून चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. नमुना हाताळण्याजोगा होईपर्यंत हेच करत राहा.

आता भिंग. मोहरी गोल आणि गुळगुळीत दिसते. धोत्र्याचे बी अधिक काळे, खडबडीत, ठळक जाळीचे असते आणि त्याचे एक टोक किंचित निमुळते असते. पण काही मोहरीवरही भिंगाखाली फिकी जाळी दिसते, म्हणून शेवटचा निवाडा माझ्या मते फोडूनच करावा. आत पिवळे निघाले तर मोहरी, पांढरे निघाले तर धोत्रा. संशयाचे प्रत्येक बी फोडा, कंटाळा करू नका. चावून मात्र कधीच पाहू नका.

एवढी काळजी कशासाठी, तर या बियांच्या तेलात सँग्विनरीन नावाचे विष असते. भेसळीचे तेल पोटात गेले की पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो. 1998 मध्ये दिल्लीत अशाच मोहरीच्या तेलाने 60 हून अधिक माणसे दगावली. त्यामुळे नमुन्यात दोन-चार बिया जरी सापडल्या, तरी ती मोहरी घाण्यावर जाऊ देऊ नका.

वेगळ्या काढलेल्या बियांसाठी घट्ट झाकणाची बाटली आधीच हाताशी ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. काम संपल्यावर त्या जाळून टाका. उकिरड्यावर किंवा खतात टाकल्या तर पुन्हा शेतात उगवतील. कागद झटकू नका, घडी घालून बियांबरोबरच जाळा.